चलान पोलिसाचं, पण दर कुणाचा?

बाजारच्या दिवशी नाक्यावर काय चालतं हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. शेळी विकून नाहीतर बियाणं घेऊन निघालेला माणूस, मागं घरची मंडळी, मध्ये पिशवी किंवा पोरगं. पुढं चलानचं मशीन घेतलेले पोलीस. "काका, गाडी बाजूला घ्या." "साहेब, सोडा की, इथलाच हाय मी." फोटो निघतो, मोबाईलवर मेसेज पडतो आणि संध्याकाळी पारावर एकच चर्चा, पोलिसांनी लुटलं.

त्याच पारावर दुसराही एक गट असतो. त्याचं म्हणणं, पोलिसाला कशाला शिव्या देता, त्याला वरून हुकूम आहे, खरे दोषी दिल्ली-मुंबईत बसून दंड वाढवणारे. मग वाद चढतो, चहा होतो, मंडळी घरी जातात. चलान आपलं तसंच.

दोन्ही गटांचं थोडं थोडं खरं आहे. पण कुणाचं काय चुकतं हे वेगवेगळं करून बघितल्याशिवाय राग योग्य माणसापर्यंत पोचत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. दंडाचा आकडा आणि नियम याचा जाब आमदार-खासदारांना विचारायचा. कुठं उभं राहायचं, कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं, याचा जाब पोलिसांना. आणि आपल्या ऊसपट्ट्यात तिसरी एक गोष्ट आहे, फोन. तिच्याकडं पुढं येतो.

आकडा कुठून आला

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्यातले बरेचसे दंड पुढची तीस वर्षं शंभर, दोनशे, पाचशे असेच राहिले. लायसन नसताना गाडी चालवली तर ५०० रुपये. ते बदलायचं विधेयक एप्रिल २०१७ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं बाद झालं. २०१९ ला नवं विधेयक आलं. २३ जुलैला लोकसभेत मंजूर. ३१ जुलैला राज्यसभेत १०८ विरुद्ध १३ मतांनी मंजूर. ९ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवे दंड लागू. लायसन नाही, ५,००० रुपये. दारू पिऊन गाडी, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हेल्मेट नाही, १,००० रुपये आणि वर तीन महिने लायसन बंद.

राज्यसभेतली ती १३ मतं लक्षात ठेवा. नंतर गावोगाव दंडाविरुद्ध निवेदनं देणाऱ्यांची संख्या बघितली तर संसदेत विरोध एवढाच कसा झाला असा प्रश्न पडतो.

पुढची गंमत आपल्याच राज्यातली. कायदा आणला केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी, ते नागपूरचे. तो राज्यात लगेच लागू करायला नकार दिला तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी. दंड फार आहेत, कमी करा, असं पत्रच त्यांनी गडकरींना पाठवलं. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती, हे वेगळं सांगायला नको. गुजरातने तर सप्टेंबरमध्येच हेल्मेटचे हजाराचे पाचशे करून टाकले. केंद्रात आणि या दोन्ही राज्यांत तेव्हा एकाच पक्षाचं किंवा त्याच्या युतीचं सरकार होतं. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की कायद्यात ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी दंड राष्ट्रपतींच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही. तरीही महाराष्ट्रात जुनेच दर डिसेंबर २०२१ पर्यंत चालले.

डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने आपला तक्ता काढला. लायसन नसल्याचे ५०० चे एकदम ५,००० झाले. हेल्मेटचे मात्र ५०० च ठेवले. म्हणजे दिल्लीच्या पुस्तकात हजार आणि आपल्या नाक्यावर पाचशे.

हे कसं होतं? कायद्यात २०० क्रमांकाचं कलम आहे. ठरावीक गुन्ह्यांत कोर्टात न जाता जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवायची सोय त्यात आहे. ते शुल्क किती आणि कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचं, हे राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. आपण नाक्यावर भरतो ती ही तडजोडीची रक्कम. दारूची केस यात बसत नाही, ती कोर्टातच जाते. मशीन हातात असलेल्या हवालदाराला ५,००० चे ४,००० करायचा अधिकार नाही. जमा झालेले पैसे राज्याच्या तिजोरीत जातात, त्याच्या खिशात नाही. (पावती न देता घेतलेले पैसे ही वेगळी गोष्ट. तो दंड नसतो, ती लाच असते. त्याची तक्रार लाचलुचपत विभागाकडे करायची, १०६४ या नंबरवर.)

त्यामुळे "दंड फार आहे" हे म्हणणं हवालदारापुढं मांडून उपयोग नाही. ते मांडायचं आमदारापुढं, कारण राज्याचा तक्ता मुंबईत ठरतो. आणि खासदारापुढं, कारण मूळ आकडा दिल्लीत.

कायद्याला गाव दिसत नाही

दर एक वेळ बाजूला ठेवू. काही नियमच असे आहेत की ते करताना कुणाच्या डोळ्यापुढं खेडं नव्हतं.

अकरावी-बारावीच्या पोरांचं बघा. वाडी-वस्तीवरून कॉलेज आठ-दहा किलोमीटर. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही वेळेवर आली तर. पोरगं बापाची गाडी घेऊन जातं. २०१९ च्या दुरुस्तीत अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या पोराला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही. शिक्षा कडक असायला माझी ना नाही. सोळा वर्षांच्या पोराने भर रस्त्यात माणूस उडवला तर त्या घराचं काय होतं हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. पण कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या पोरांना दिलेली वाट कोणती? ५० सीसीपर्यंतची गाडी. आता सांगा, ५० सीसीची नवी गाडी कुठल्या शोरूममध्ये मिळते? दूधवाल्यांची लाडकी एक्सएलसुद्धा १०० सीसीची आहे. वाट कागदावर आहे, बाजारात नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आत पळणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी लायसनशिवाय चालते, पण कच्च्या रस्त्यावर आणि घाटाला ती किती टिकते ते ज्याने घेतली त्याला विचारा.

हा दोष पोलिसाचा नाही. ही सुधारणा संसदेत व्हायला पाहिजे होती, निदान एसटीच्या जादा फेऱ्यांचा प्रश्न विधानसभेत तरी.

नव्या नंबर प्लेटचंही तेच. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवा असा आदेश निघाला. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये आणि वर जीएसटी. पहिली मुदत ३१ मार्च २०२५. केंद्रं मोठ्या गावांत, ऑनलाइन नंबर लागेना, शेतातून ट्रॅक्टर काढून तालुक्याला न्यायचा म्हणजे दिवस गेला आणि डिझेल वेगळं. मुदत पुढं पुढं ढकलत वर्षअखेरपर्यंत नेली. सोय आधी आणि सक्ती नंतर, एवढा साधा क्रम पाळला असता तर नाक्यावरची निम्मी भांडणं झाली नसती.

आणि एक उदाहरण अलीकडचं. अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम भारतीय न्याय संहितेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं, १०६(२). १ आणि २ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि त्या रांगा आवरायला उभे होते पोलीसच. पुढं १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं एक कलम बाजूला ठेवलं गेलं. मंजूर करायच्या आधी चालकांशी बोलायचं काम कुणाचं होतं?

खाकी म्हणजे सगळे एक नाहीत

आता दुसरी बाजू. आपण रस्त्यावर अडवणाऱ्या सगळ्यांना एकतर "पोलीस" म्हणतो नाहीतर "आरटीओ". प्रत्यक्षात चार वेगळी माणसं असतात. तालुक्याच्या पोलीस ठाण्याचे कर्मचारी आणि जिल्हा वाहतूक शाखा, हे दोन्ही जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली. पुणे-सोलापूर महामार्गावर दिसतात ते महामार्ग पोलीस, त्यांचे वरिष्ठ मुंबईत. आणि वायुवेग पथक हे परिवहन विभागाचं, सोलापूरच्या एमएच-१३ चं किंवा अकलूजच्या एमएच-४५ चं. तक्रार करताना पहिली चूक इथंच होते. महामार्ग पोलिसांची तक्रार ठाण्यात जाते आणि आरटीओची अधीक्षकांकडे, मग अर्ज फिरत राहतो.

पोलिसांच्या हातात दर नसला तरी एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे जागा आणि वेळ. कुठं उभं राहायचं, कधी राहायचं आणि कुणाला हात करायचा. इथं मात्र त्यांची बाजू घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात. गळीत हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, पंढरपूर, अकलूज, करमाळा या सगळ्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर वाढ्यांसकट ऊस, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. टायर फुटला की ट्रॉली तिथंच रस्त्यात, मागं चार दगड लावून. अंधारात दुचाकीवाला थेट उसाच्या टोकांवर जातो. हंगामात अशी बातमी द्यावी लागली नाही असं मला एकही वर्ष आठवत नाही. मी स्वतः ऊस घालतो, माझाही ऊस अशाच ट्रॉलीतून जातो, त्यामुळं हे काही बाहेरच्याचं बोलणं नाही.

या ट्रॉल्या पोलिसांना दिसत नाहीत असं नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर कार्यक्रम होतो, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावताना फोटो निघतो, आम्हीच तो छापतो. पुढं चार महिने रात्री दोनला त्या रस्त्यावर कुणी नसतं. बाजारच्या नाक्यावर सकाळी अकराला मात्र चार जण असतात. कारण सोपं आहे. दुचाकीवाला एकटा असतो, घाबरतो, थांबतो. दोन तासांत पन्नास केसेस होतात आणि महिन्याच्या तक्त्यात भरायला आकडा मिळतो. ट्रॉली अडवली तर रस्ता तुंबतो, ऊस वाळतो, चालक मुकादमाला फोन लावतो आणि पुढचं सगळं सुरू होतं.

हेल्मेट तपासूच नका असं माझं म्हणणं नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात हेल्मेट नसलेली ५०,०२९, पैकी १४,३३७ मागं बसलेली. आणि एकूण मृत्यूंपैकी ६८ टक्के ग्रामीण भागातले. "हेल्मेट शहरात, गावात कशाला" म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५,२२४ माणसं गेली. पण त्याच अहवालात हेही आहे की सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. नाक्यावर सगळेच हळू येतात, वेग तिथं सापडत नसतो. तो महामार्गावर आणि रात्री सापडतो. माणसं जिथं मरतात तिथं पोलीस उभे नसतील तर लोकांनी दंडाला वसुली म्हटलं तर नवल काय?

पोलिसांना लाज वाटावी असं एक कलम कायद्यातच आहे, २१० ब. कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड. आपल्या भागात विनाहेल्मेट पोलीस किती दिसतात आणि दुप्पट दंडाची पावती किती जणांनी पाहिली, हे वाचकांनीच सांगावं.

काटापावती आणि फोन

जादा वजनाचं तर पोलिसाची गरजच नाही. कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये दंड आहे. ट्रकचं वजन करायला काटा शोधावा लागतो. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीचं वजन तर कारखान्याच्या काट्यावर होतंच. भरलेलं किती, रिकामं किती, गाडी नंबर काय, वेळ काय, सगळं पावतीवर. रोजचा तो हिशेब परिवहन विभागाने मागवला तर रस्त्यावर एकही माणूस उभा न करता कळेल की कोण किती टन जादा ओढतो. तरीही दंड मात्र विनाआरसा दुचाकीला.

का, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं कारखान्याचा चेअरमन आणि आमदार एकाच घरात असणं काही नवीन नाही. वाहतूकदार त्यांचा, मुकादम त्यांचा, मतदारही त्यांचा. पोलिसाने ट्रॉली अडवली की दहा मिनिटांत फोन येतो, "आपलाच माणूस आहे, सोडा." ज्याने सभागृहात बसून कायदा केला, तोच नाक्यावर तो मोडायला सांगतो. पोलिसाला बदलीची भीती असते. तो सोडतो. मग राहिलेला आकडा भरायला त्याच्या हाती येतो बिनओळखीचा दुचाकीवाला.

पण हा फोन नुसता चेअरमनच लावत नाही. आपणही लावतो. पोरगं ट्रिपल सीट सापडलं की पहिला नंबर सरपंचाचा, दुसरा पीएचा. ज्याची ओळख चालते तो सुटतो आणि पारावर फुशारकी मारतो. ज्याची चालत नाही तोच पोलिसांना आणि सरकारला शिव्या देतो. एखाद्या आमदाराने उद्या जाहीर केलं की गाडी सोडवायला मी फोन करणार नाही, तर आपण त्याला मत देऊ का? मला शंका आहे.

रस्त्याबद्दलही थोडं. खड्ड्यानं माणूस मेला तर काय? कलम १९८ अ आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. "पर्यंत" हा शब्द लक्षात घ्या. बापाला २५,००० आणि कैद, ठेकेदाराला जास्तीत जास्त लाख आणि कैद नाही. हा हिशेब लावणारे सभागृहात बसतात, चौकात नव्हे.

अडवलं तर एवढं माहीत असू द्या

गणवेशातल्या पोलिसाने लायसन मागितलं तर दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात, २०१८ च्या नियमदुरुस्तीने तसं स्पष्ट झालंय. कुणी "ओरिजिनलच पाहिजे" म्हटलं तर शांतपणे हे सांगा, आवाज चढवू नका. खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नये अशा सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने जुलै २०२५ मध्ये दिल्या आहेत. चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिकच्या वेबसाइटवर आणि ॲपवर हरकत घेता येते, फोटो तिथं दिसतो, नंबर आपलाच आहे का ते बघा.

जुनी गाडी विकली आणि नाव बदललं नाही तर चलान जुन्या मालकाच्या नावानं येत राहतं, हे आपल्याकडं फार होतं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. ट्रॅक्टर तर चार-चार हात फिरतो आणि कागद पहिल्याच मालकाच्या कपाटात. अपघात झाला की मग वकील शोधत फिरायचं.

आणि जाब विचारायची जागा. प्रत्येक जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमलेली आहे, जिल्हाधिकारी तिचे सचिव. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांची स्वतंत्र जिल्हा समिती असते. कुठल्या ठिकाणी वारंवार अपघात होतात, तिथं काय केलं, रात्रीची गस्त कुठं, ट्रॉल्यांवर कारवाई किती, हे सगळं या बैठकांत यायला पाहिजे. पोलीस आणि लोकप्रतिनिधी दोघंही एका टेबलावर सापडतात ती जागा ही. बैठक किती वेळा झाली आणि त्यात काय ठरलं याची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात यंदाच्या हंगामाआधी मी तो अर्ज टाकतोय. मागच्या दोन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं आणि ऊसवाहतुकीवर झालेले निर्णय, एवढंच मागितलंय. उत्तर आलं की इथंच छापू.